काकूंचा बॉक्स एवढ्यात बदलू नकोस

औसा
मार्गशीर्ष, येळवसेच्या (वेळ अमावास्येच्या) आधीचा आठवडा

प्रिय दोस्ता,

काकूंच्या टीव्हीचा छत्रीवाला जुना सेट-टॉप बॉक्स बदलून नवा घ्या म्हणून त्यांना फोन येतायत, काय करू, असं तू विचारलंस तेव्हा फोनवरच सांगणार होतो. पण तू गाडीत, मी दुकानात, अर्धं बोलणं वाऱ्यावर जातं. म्हणून लिहायला बसलो. आधी एवढंच सांगतो, त्या फोनवाल्यांना अजून होकार दिला नसशील तर देऊ नकोस.

श्रावणात मलाही असाच फोन आला होता. तुमचा बॉक्स फार जुना झालाय, कधीही बंद पडेल, आजच नवा घेतला तर सवलत आहे. मी विचारलं, बंद पडेल म्हणजे काय? तुमच्याकडून सिग्नल यायचा थांबणार आहे, की बॉक्स जळणार आहे? फोनवरच्या बाईला सांगता येईना. मग दुसऱ्याचा फोन, तिसऱ्याचा, आणि एक दिवस पोरगाच दारात येऊन उभा राहिला. मी दुकानात, घरी माय एकटी. त्यानं तिला सांगितलं की पावसात चित्र जातं ते जुन्या बॉक्समुळं. तिनं पिठाच्या डब्यामागचे पैसे काढून उशाशी ठेवले, मी आल्यावर द्यायला. दोस्ता, त्या पैशांचा विचार आला की मला अजून राग येतो. कारण तो पोरगा सांगत होता ते खरं नव्हतं.

पावसात चित्र जातं ते वरच जातं. उपग्रह जवळपास ३६ हजार किलोमीटरवर, आणि तिथून आपल्या छत्रीवर येणाऱ्या लहरी जेमतेम अडीच सेंटीमीटर लांबीच्या. जोराची सर आली की थेंब त्या लहरी शोषून घेतात, इकडं तिकडं उधळून टाकतात. छत्रीपर्यंतच काही पोचलं नाही, तर खाली नवा बॉक्स ठेवा नाहीतर जुना, तो दाखवणार काय? आमच्याकडं मात्र भुरभुर सुरू झाली तरी चित्र अडकायचं, म्हणजे काहीतरी बिघडलं होतं हे नक्की. रविवारी शिडी लावून वर गेलो. छत्री जागेवरच होती. छत्रीसमोर दांडीवर लहरी पकडणारा छोटा डबा असतो ना, एलएनबी, त्याच्या तोंडावरचं प्लास्टिक उन्हानं तडकलेलं आणि केबलच्या पिनेत पाणी शिरून आतली तांब्याची तार हिरवी पडलेली. केबल वीतभर कापली, नवी पिन बसवली, वर टेप गुंडाळला, एलएनबी बदलला. पिनेच्या खाली केबलला थोडा झोळ दिला, म्हणजे पाणी तारेवरून पिनेत न जाता तिथूनच टपकतं. नव्या बॉक्सपुढं हा खर्च काहीच नाही. आता मोठी सर आली तरच चित्र जातं, आणि सर ओसरली की परत येतं.

तुमच्या घरीही आधी हेच बघू. काकूंचा टीव्ही आमच्यासारखाच आहे ना, मागं फुगलेला, व्हिडिओकॉनचा? आमचा पैठण रोडला चितेगावच्या कारखान्यात झालेला. त्या कारखान्याचं पुढं काय झालं ते तुला माहीत आहे, पण टीव्ही अजून उभा आहे. त्याला लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनाच लागतात, एचडीएमआयची जागाच नाही. एचडी बॉक्स आणला तरी पिवळ्या पिनेतून साधंच चित्र येणार. मग टीव्ही बदला म्हणतील, मग वायफाय घ्या म्हणतील. ज्यांना हवंय त्यांनी घ्यावं. माझ्या भावानं लातुरात इंटरनेटवाला बॉक्स घेतला, पोरांच्या अभ्यासाला तो उपयोगी पडतो, मीच त्याला घे म्हटलं होतं. पण काकूंची गोष्ट वेगळी आहे.

मायच्या डोळ्यांचं तुला ठाऊक आहेच. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी रिमोटवरचे आकडे तिला दिसत नाहीत, आणि दिसले तरी तिला वाचता येत नाहीत. पण पाचच्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो, तो तिला अंगठ्याला लागतो. तिथून ती वर, खाली, बाजूला मोजत जाते. कीर्तनाची वाहिनी कुठं, बातम्या कुठं, सह्याद्री कुठं, सगळं तिच्या बोटांत आहे. दुपारी जेवण झालं की ती पाय पसरून बसते, एकदाही न चुकता सह्याद्री लावते आणि मला बाजारभाव सांगते. घरात दुसऱ्या कुणाला न विचारता ती स्वतःच्या मनानं जी दोन-चार कामं करते, त्यातलं हे एक. नव्या बॉक्सला दुसरा रिमोट, वाहिन्यांचे आकडे दुसरे, टीव्ही लावला की आधी चित्रांची पाटी, त्यातून बाण दाबत जायचं. तिला ते जमणार नाही असं मी म्हणत नाही. पण जमेपर्यंत ती दर वेळी कुणालातरी हाक मारेल, आणि मी तिला ओळखतो, दहा दिवसांनी ती हाक मारायचीच सोडून देईल.

हे मी अनुभवानं सांगतोय. आमचा पहिला बॉक्स मी राजीखुशीनं बदलला होता. तो एमपेग-२ चा होता, म्हणजे चित्र दाबून लहान करून पाठवायच्या जुन्या पद्धतीचा. नव्या एमपेग-४ पद्धतीत तेच चित्र जवळपास अर्ध्या जागेत बसतं, त्यामुळं उपग्रहावरच्या तेवढ्याच जागेतून दुप्पट वाहिन्या पाठवता येतात. कंपनीनं जुन्या पद्धतीचं प्रक्षेपण थांबवायचं ठरवल्यावर तो बॉक्स ठेवून करायचं काय? कारण खरं होतं, म्हणून मी वाद घातला नाही. पण त्यानंतर दोन महिने माय टीव्हीसमोर नुसती बसायची, कुणी लावून दिलं ते बघायची. नवे आकडे मी तिच्याकडून रोज रात्री घोकून घेतले, तेव्हा कुठं तिचा हात बसला. दुसऱ्यांदा तिला त्यातून न्यायचं तर मला तसंच खरं कारण पाहिजे. ‘जुना झाला’ हे माझ्या लेखी कारण नव्हे.

पॅकचंही तसंच. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायनं, म्हणजे टीव्ही-फोनच्या कंपन्यांना नियम घालून देणाऱ्या सरकारी संस्थेनं, सगळ्यांचे जुने पॅक मोडले आणि ज्याला जी वाहिनी पाहिजे ती एकेक निवडता येईल असं केलं. तेव्हा शंभर वाहिन्यांपर्यंत नुसत्या जोडणीचे महिन्याला १३० रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, हा आकडा मला पाठ झाला होता. नंतर त्याच पैशात दोनशे वाहिन्या आल्या, आणि २०२४ मध्ये ती १३० ची मर्यादाही काढून टाकली, आता कंपन्या आपापला आकडा ठरवतात. पण एकेक वाहिनी निवडायचा हक्क आहे तो आहेच. फोनवर ते हे आपणहून सांगत नाहीत, मोठ्या पॅकची नावं सांगत राहतात. काकू बघतात किती वाहिन्या? आमची माय सहा बघते. दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या सगळ्यांना दाखवाव्याच लागतात, त्यामुळं सह्याद्रीचे वेगळे पैसे पडत नाहीत. आठवड्याला कोणती वाहिनी किती वेळा लागते ते काकूंनाच विचारून एका कागदावर लिही. मग बघू, अर्धा पॅक उगाच भरतोयस की काय.

एक गोष्ट मला खुपते ती सांगून ठेवतो. बॉक्स आपण पैसे मोजून घेतो, पण कंपनी बदलली की तो नुसता डबा. एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीकडं चालावा अशी शिफारस ट्रायनं एप्रिल २०२० मध्ये केली होती, पण आजही आपल्या घरातला बॉक्स दुसरीकडं चालत नाही. तसं असतं तर आपल्या गावातल्या माळ्यांवर एवढे चांगले चालणारे डबे धूळ खात पडले नसते. काकूंचा बॉक्स विकतचा आहे की भाड्याचा, ते जुन्या पावतीवर बघ. भाड्याचा असेल तर कंपनी तो परत मागू शकते. विकतचा असेल तर तो तुमचा.

आणि उद्या खरंच कंपनीनं सेवा थांबवली, तर मी काय करणार तेही ठरवून ठेवलंय. प्रसारभारतीची फ्री डिश. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावानं निघाली तीच. एकदा छत्री आणि बॉक्स घेतला की महिन्याला काही नाही. जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, आपल्या औशाहून बरोब्बर आग्नेयेला, तोंड बऱ्यापैकी वर करून. आमच्या स्लॅबवर त्या दिशेला झाड नाही, इमारत नाही. लहानपणी आपण काठीवरची अँटेना अंबाजोगाईच्या मनोऱ्याकडं, उत्तरेला फिरवायचो ते आठवतं? तू वर, मी दारात, माय आतून ओरडायची, ‘आलं, आलं, गेलं!’ आता तोंड आग्नेयेला, बाकी काम तेच. फ्री डिशवर मायची कीर्तनाची वाहिनी मिळेलच असं नाही, म्हणून जुनं चालू आहे तोवर ते सोडायचं नाही.

जुना बॉक्स खरंच मरतो तो बहुतेक वेळा अ‍ॅडाप्टरमुळं. आपल्याकडची लाइट कशी येते-जाते तुला माहीत आहे. बॉक्स चालू होऊन लगेच बंद पडायला लागला, दिवा लुकलुकायला लागला, तर कंपनीला फोन करायच्या आधी अ‍ॅडाप्टर बदलून बघायचा. व्होल्ट तेवढेच पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, पिन तशीच हवी. आमचा गेल्या उन्हाळ्यात असाच वाचला.

त्यामुळं आता एवढंच कर. कंपनीला सांग, सेवा कोणत्या तारखेपासून आणि कशामुळं बंद होणार ते मेसेजवर लेखी कळवा. तारीख आली तर आपण दोघं बसून ठरवू. नाही आली तर काही करायचं नाही. आणि काकूंना फोन करून विचार, त्यांना काय पाहिजे. त्यांनी नवा मागितला तर मी स्वतः लातूरला जाऊन घेऊन येईन, बसवून देईन, आकडे पाठ होईपर्यंत रोज संध्याकाळी जाऊन बसेन.

येळवसेला येतोयस ना? मायनं आंबिलीसाठी ज्वारीचं पीठ दळून ठेवलंय, भज्जीला शेंगा, हरभरा, सगळं रानातलंच आहे. दुपारी शेतातून आलो की तुमच्या स्लॅबवर जाऊ. दोन पिना आणि टेप मी आणून ठेवलाय. शिडी आमच्याकडची घेऊ, तुमची खालून सरकते.

तुझाच,
औशाचा दोस्त