गर्भधारणेआधी एकदा हृदयाचा इको

महोदय,

भाचीचे लग्न ठरले तेव्हा नात्यातल्या सगळ्या बायकांनी तिच्या उंचीचे कौतुक केले. लांबसडक बोटे, जाड भिंगाचा चष्मा. वडील चाळिशीतच छातीत कळ येऊन गेले होते. ‘अटॅक’ म्हणून आम्ही तो विषय मिटवला होता. गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात नागपुरातल्या एका तरुण डॉक्टर मुलीने हे सगळे जोडून पाहिले आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला लावला. निदान झाले मार्फन सिंड्रोम, म्हणजे शरीराला आधार देणाऱ्या ऊती कमकुवत करणारा आनुवंशिक आजार; उंची, लांब बोटे, अधू नजर ही त्याचीच लक्षणे. हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचे, महाधमनीचे, मूळ ४२ मिलिमीटरपर्यंत रुंदावलेले होते.

हा आजार साधारण ५,००० जणांत एकाला असतो आणि आई किंवा वडिलांकडून मुलात उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. गरोदरपणात रक्ताचे प्रमाण वाढते, धमनीवर ताण येतो आणि तिचा आतला थर फाटू शकतो. धोका सर्वाधिक शेवटच्या तिमाहीत आणि बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत. नेमके तेव्हाच आपल्याकडे सारे घर बाळाभोवती गोळा होते. आईची पाठ दुखते म्हटले, तर ती धमनी फाटल्याची खूण असू शकते हे न कळता शेक देतात! धमनी ४५ मिलिमीटरच्या पुढे गेली असेल, तर गर्भधारणा टाळण्याचाच सल्ला देतात.

भाची सुखरूप आहे, पण ते चार महिने आम्ही कसे काढले ते आम्हालाच ठाऊक. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला तपासणी होते. तिथे ‘घरात कुणी तरुणपणी अचानक गेले का?’ एवढा प्रश्न विचारावा, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर