डीपीची घूंघूं आणि माझा चिरोटा

ड्रेस्डेन, 14 नोव्हेंबर

प्रिय सुन्या,

स. न. वि. वि. वगैरे लिहीत नाही, हसशील. ‘तिकडे जाऊन नेमकं करतोस काय?’ हा तुझा प्रश्न तीन महिने उधार आहे, आज फेडतो.

आपल्या खोलीमागचा डीपी, तो विजेचा ट्रान्सफॉर्मर, आठवतो? परीक्षेच्या रात्री त्याच्या घूंघूंला मी केवढ्या शिव्या घातल्या होत्या! आतलं लोखंड विजेने चुंबकित झालं की त्याची लांबी कणभर बदलते, तो हा आवाज. चुंबकाची दिशा कुठलीही असो, बदल तोच, म्हणजे विजेच्या एका हेलकाव्यात दोनदा. म्हणून वीज 50 हर्ट्झची आणि घूंघूं 100 ची. भौतिकशास्त्रज्ञ जूलने हे 1842 मध्ये पाहिलं. 1865 मध्ये व्हिलारीने उलटी बाजू दाखवली: लोखंड ताणलं की त्याचं चुंबकत्व बदलतं. माझी भाकरी या उलट्या बाजूवर चालते.

लोखंडात फरक थोडा कमी, थोडा जास्त एवढाच. माझ्या स्फटिकात चुंबकत्वाची जातच बदलते. क्रोमियम, गंधक आणि ब्रोमीनचा हा पदार्थ चिरोट्यासारखा पापुद्र्यांचा. चिकटपट्टीने सोलतो आम्ही तो, खरंच. उणे 141 अंशांखाली एका पापुद्र्यातले सगळे अणुचुंबक एका दिशेला, शेजारच्या पापुद्र्यातले बरोबर उलट. बेरीज शून्य. पण असा थरांचा सोललेला तुकडा एका ठरावीक दिशेने सुमारे एक टक्का ताणला, की सगळे थर एकाच दिशेला तोंड करतात. बाहेरून चुंबक लावावा लागत नाही. ताण सोडला की पुन्हा पूर्ववत. सिॲटलच्या गटाने 2022 मध्ये हे दाखवलं, तेव्हा मी पेपर दोनदा वाचला. पापुद्र्यांमधलं नातं इतकं काठावर असतं की अणू जरासे सरकले तरी ते फिरतं. रसायन बदलायचं नाही, भेसळ करायची नाही, नुसतं ओढायचं. मला यातलं हेच सगळ्यात आवडतं.

ओढतो पिझो स्फटिकाने: व्होल्टेज दिलं की तो लांबतो. फिरलेलं नातं ओळखतो उजेडावरून. लेझर टाकला की पापुद्रा चमकतो, आणि थर एका दिशेला वळले की त्या चमकीचा रंग एकदम उडी मारून तांबड्याकडे सरकतो.

गेल्या मंगळवारी ती उडी दिसायच्या बेतात होती. मी घाईने व्होल्टेज चढवलं आणि पापुद्रा मधोमध टरकला. नऊ दिवसांची मेहनत! चूक माझीच. रात्री नुसता मऊभात खाऊन झोपलो.

काकूंना नमस्कार. आणि तुझ्या सबस्टेशनातल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा आवाज रेकॉर्ड करून पाठव. इथे फार शांत आहे रे.

तुझा,
विज्या