फवारणीनंतरही सोयाबीन बियाण्याची उगवण वाढली नाही, त्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

वाशीम जिल्ह्यात कारंजा तालुक्यात माझं पाच एकर वावर आहे. त्यातलं एक एकर दरवर्षी घरच्या बियाण्यासाठी राखतो. मागच्या खरिपात आपल्या प्रतिनिधीने गावात येऊन सांगितलं, की फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना आपलं सूक्ष्म अन्नद्रव्याचं (जस्त, बोरॉन वगैरे) औषध फवारलं तर दाणा टपोरा होतो, उगवण नव्वदच्या वर जाते. बाटलीवरही तेच छापलंय. माझ्या माती परीक्षणात जस्त ०.४ पीपीएम आलं होतं; ०.६ च्या खाली म्हणजे कमतरताच. म्हणून तीन बाटल्या घेतल्या. पक्कं बिल आहे.

फवारताना मधल्या सहा ओळी मुद्दाम न फवारता सोडल्या. सोंगणी एकाच दिवशी, मळणी एकाच मशीनवर, ढीग तेवढे वेगळे. सोयाबीनचं टरफल नाजूक असतं, ड्रमचा मार बसला की उगवण जाते, आणि सोंगणीला पाऊसही लागला होता, हे मी लपवत नाही. पण मार आणि पाऊस दोन्ही ढिगांना सारखाच होता.

मे महिन्यात ओल्या गोणपाटात शंभर-शंभर दाणे गुंडाळून तीनदा उगवण पाहिली. फवारलेले ६१, ५८, ६०. न फवारलेले ६०, ६२, ५९. सोनाराच्या काट्यावर शंभर दाण्यांचं वजन दोन्हीकडे ११ ग्रॅमच भरलं. सत्तरच्या खालचं बियाणं पेरायचं कसं? आता एकरी ३० किलो बियाणं विकत घ्यावं लागणार.

जस्त-बोरॉनबद्दल माझी तक्रार नाही. बोरॉनशिवाय फलधारणा नीट होत नाही, आणि आमच्या चुनखडीच्या काळ्या मातीत जस्त असूनही पिकाला लागत नाही, म्हणूनच तर फवारतो. पण आपल्या बाटलीत ते आहे किती? सरकारी ग्रेड-२ मिश्रणाच्या डब्यावर जस्त ३ टक्के, लोह २.५, बोरॉन ०.५ असं स्वच्छ लिहिलेलं असतं. आपल्या लेबलवर हिरवीगार शेंग आहे, अन्नद्रव्याचा आकडा एकही नाही.

या बॅचमध्ये कोणतं अन्नद्रव्य किती टक्के आहे आणि नव्वदचा दावा कोणत्या चाचणीवरून केला, ते लेखी कळवा. तिन्ही बाटल्यांचे पैसे परत करा. तिसरी बाटली अजून सीलबंद आहे. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर ती बिलासकट तालुक्याच्या खत निरीक्षकांकडे देणार आहे.

आपला,
एक सोयाबीन उत्पादक शेतकरी
ता. कारंजा, जि. वाशीम

सोबत : बिलाची प्रत, बाटलीच्या लेबलचा फोटो, माती परीक्षण अहवाल