डॉलर साठ्यात घटला, व्यवहारात नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डॉलरची सद्दी संपत आल्याची भाकिते अलीकडे वारंवार वाचायला मिळतात. पुरावा म्हणून बहुतेक वेळा एकच आकडा पुढे केला जातो. जगभरच्या मध्यवर्ती बँकांच्या परकीय चलनसाठ्यात डॉलरचा वाटा २००० च्या सुमारास ७१ टक्के होता, तो आता ६० टक्क्यांच्या खाली आला आहे. आकडा खरा आहे, घसरणही खरी आहे. पण २०२२ मध्ये जगातल्या चलनबाजारातील ८८ टक्के व्यवहारांत एक बाजू डॉलरची होती, आणि वीस वर्षांपूर्वीही हे प्रमाण जवळपास एवढेच होते. म्हणजे डॉलर साठवून ठेवायला देश कचरू लागले आहेत, वापरल्यावाचून मात्र कुणाचेच चालत नाही. मला खरी काळजी या विसंगतीची वाटते.

वापराची ही पकड इतकी घट्ट का, हे एका साध्या व्यवहारात दिसते. समजा, इजिप्तमधल्या आयातदाराने ब्राझीलमधून सोयाबीन मागवले. अमेरिकेचा यात काहीच संबंध नाही, तरी सौदा ठरतो डॉलरमध्ये. इजिप्तच्या बँकेचे न्यूयॉर्कमधल्या एखाद्या मोठ्या बँकेत खाते असते, ब्राझीलच्या बँकेचेही असते, आणि रक्कम सरकते ती तिथल्या खात्यांमध्ये. स्विफ्ट या बँकांच्या संदेशजाळ्यावरून जातो तो फक्त निरोप. पैसा न्यूयॉर्कमधून फिरला की अमेरिकेचा कायदा त्याला लागू झाला. बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेने अमेरिकेचे निर्बंध असलेल्या सुदान, इराण आणि क्युबा यांचे व्यवहार याच मार्गाने केले होते. २०१४ मध्ये तिला अमेरिकेत गुन्हा कबूल करून सुमारे ९ अब्ज डॉलर मोजावे लागले.

फेब्रुवारी २०२२ मध्ये, युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर, तर रशियाच्या मध्यवर्ती बँकेची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळीच गोठवली गेली. तिचा मोठा हिस्सा युरोपात होता, त्यामुळे डॉलर सोडून युरोत जाणे ही काही सुटका नव्हे, हेही सर्वांना कळून चुकले. त्यानंतर सलग तीन वर्षे मध्यवर्ती बँकांनी दरसाल हजार टनांहून अधिक सोने घेतले. आपल्या तिजोरीतले सोने परक्याला गोठवता येत नाही, हे खरे. पण सोयाबीनचे बिल रोजच्या रोज सोन्यात कोण चुकते करणार?

डॉलरला पर्याय म्हणून चीनच्या युआनचे नाव घेतले जाते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने २०१६ मध्ये त्याला एसडीआरच्या, म्हणजे सदस्य देशांना वाटायच्या आपल्या राखीव निधीचे मूल्य ज्या चलनांवर ठरते त्यांच्या, टोपलीत जागा दिली, तरी जागतिक साठ्यातला त्याचा वाटा दोन-तीन टक्क्यांच्या पुढे सरकलेला नाही. ज्या चलनात पैसा आणणे-नेणे सरकारी परवानगीवर अवलंबून असते, त्यात आयुष्यभराची पुंजी कोणताच देश ठेवत नाही. दोन देशांनी आपापल्या चलनांत व्यापार करण्यालाही मर्यादा आहेत. एकाची विक्री जास्त आणि खरेदी कमी असली की त्याच्या हाती दुसऱ्याचे न खपणारे चलन साचते. भारतीय बँकांत साचलेले अब्जावधी रुपये वापरता येत नसल्याचे रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह यांनी मे २०२३ मध्ये जाहीरपणे सांगितले होते.

पौंडाचा दाखला या चर्चेत नेहमी येतो, पण अर्धाच. अमेरिकेची अर्थव्यवस्था ब्रिटनच्या पुढे गेल्यावरही पौंडाची ओहोटी कित्येक दशके चालली होती, हे बरोबर. मात्र पौंड मागे सरत असताना त्याची जागा घ्यायला डॉलर उभा होता. आज डॉलरच्या मागे तसे कुणीच उभे नाही.

याचा अर्थ काय, ते मार्च २०२० मध्ये दिसले. महासाथीच्या भीतीने सगळ्यांना एकाच वेळी डॉलर हवे झाले. फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने तेव्हा १४ मध्यवर्ती बँकांना स्वॅप लाइन, म्हणजे त्यांचे चलन तारण घेऊन डॉलर देण्याची सोय, उपलब्ध केली. काही आठवड्यांत ही उचल जवळपास ४५० अब्ज डॉलरवर गेली आणि बाजार सावरला. या १४ जणांत कोण असावे, हे फेडने ठरवले. त्यामागे कोणताही जागतिक करार नाही, आणि यादीबाहेरच्या देशांना त्यावर हक्क सांगता येत नाही. आता अमेरिकेच्या सरकारी कर्जाने ३६ लाख कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला आहे, मे २०२५ मध्ये मूडीज या पतमापन संस्थेनेही तिचे सर्वोच्च पतमानांकन काढून घेतले, आणि फेडच्या स्वायत्ततेवर उघड राजकीय दबाव येतो आहे. पुढच्या अरिष्टात ही सोय वाटाघाटीतले हत्यार झाली, तर यादीबाहेरच्या देशांनी औषधे आणि इंधन कशाच्या बळावर आणायचे?

डॉलर कधी कोसळेल, या पैजेत मला रस नाही. तो डळमळला तर अडचणीच्या वेळी चलन पुरवणार कोण, ही चर्चा व्हायला हवी आणि ती आपल्या अर्थविषयक पानावर व्हावी, अशी विनंती आहे. निदान नाणेनिधीपासून सुरुवात करता येईल. ऑगस्ट २०२१ मध्ये त्याने ६५० अब्ज डॉलरचे एसडीआर वाटले, पण कोट्याच्या, म्हणजे प्रत्येक देशाच्या नाणेनिधीतल्या वाट्याच्या, प्रमाणात. त्यामुळे मोठा वाटा ज्यांना निकड नव्हती त्या श्रीमंत देशांच्याच पदरात पडला. वाटपाचे हे सूत्र बदलण्याची मागणी छोट्या देशांनी एकत्र येऊन, पुढचे अरिष्ट दारात येण्याआधी केली पाहिजे.

आपला,
एक नियमित वाचक