ऊसतोडीच्या फडावर गेलेल्या आई-आण्णांना

तीर्थरूप आई-आण्णांना नमस्कार.

आण्णा, हे पत्र संध्याकाळी गाडी भरून झाली की आईला वाचून दाखवा. फोनवर दातांचं काढलं की ती "तू जेवलीस का" विचारून विषय बदलते.

आई, दाढ दुखायची थांबली असं तू परवा सांगितलंस आणि तेव्हापासून मला काळजी लागली आहे. रात्री आडवं पडलं की ठणका वाढायचा, गार पाणी लागलं की कळ जायची, म्हणजे कीड दाढेच्या आतल्या नसेला भिडली होती. आता काहीच जाणवत नाही, म्हणजे बहुतेक ती नस मेली. दुखणं गेलं तरी आतली घाण तिथंच आहे. आज ना उद्या हिरडीवर पुळी येईल, नाहीतर एका रात्रीत गाल सुजेल. सूज जबड्याखाली गळ्याकडे उतरली, गिळता येईना, तोंड उघडेना, ताप भरला, तर सकाळची वाट बघू नका. 108 ला फोन करा, गाडीला पैसे पडत नाहीत. अशी सूज जिवावर बेतते.

पण तिथवर जाऊच द्यायचं नाही. तुम्ही सध्या कराडच्या बाजूला आहात. कराडला वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय आहे, सरकारी. बाहेरच्या रुग्णांची तपासणी सकाळी असते आणि तुम्ही पहाटेच फडात जाता, म्हणून एका दिवसाचा खाडा पडेल हे धरून चाला. आण्णा, मुकादमाला आदल्या दिवशी सांगा. खाड्याचे पैसे मी माझ्या डेंटलच्या इंटर्नशिपच्या स्टायपेंडमधून देईन, त्यावर वाद नको.

केसपेपर काढताना पत्ता विचारतील. आई, तू तिथं गांगरून "फडावरच राहतो, आता पुढं कुठं जाऊ माहीत नाही" असं सांगतेस आणि खिडकीवरचा माणूस वैतागतो. सरळ आपल्या गावाचं नाव, तालुका, जिल्हा बीड सांग. आधारवर तोच आहे. दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून कुणी परत पाठवू शकत नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर आणि उपचार मोफत आहेत. मोबाइल नंबर माझा द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिलं वाक्य हे म्हणायचं: "आम्ही ऊसतोडीला आलोय, पुढच्या आठवड्यात इथं असू की नाही सांगता येत नाही. आज एका खेपेत काय करता येईल ते करा." हे न सांगता बसलीस तर ते आपले "आठ दिवसांनी या" असं लिहून देतील. आठ दिवसांनी टोळी दुसऱ्या शिवारात गेलेली असते. नस साफ करायच्या उपचाराला बऱ्याचदा दोन-तीन खेपा लागतात. त्या खेपा एका गावात राहणाऱ्या माणसाला धरून ठरवलेल्या आहेत. सहा महिने फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहणाऱ्याचा विचार त्यात कुणी केलेला नाही आणि मला याचा फार राग येतो. कॉलेजात मी हे बोलते, बोलत राहणार आहे.

म्हणून आपली माणसं काय करतात? दाढ उपटून मोकळी होतात, कारण ते एका खेपेत होतं. आई, तुझ्या डावीकडच्या दाढा अशाच गेल्या, त्यातली एक तर बाजारात बसणाऱ्या माणसाने काढली. आता तू एकाच बाजूने चावतेस आणि भाकरी आमटीत कुस्करून खातेस. ही दाढ गेली तर मोळी उचलणाऱ्या बाईने ताकद कुठून आणायची? आपल्याकडे बायकांच्या गर्भपिशव्याही अशाच निघाल्या. 2019 साली सरकारने चौकशी केली तेव्हा एकट्या बीड जिल्ह्यात 13 हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पिशवी काढलेली निघाली. दुखतंय तर काढून टाका, खाडा नको. तुझ्या अंगाचा हिशेब कुणी असा करावा हे मला मान्य नाही.

तेव्हा डॉक्टरांना आधी विचार, "दाढ वाचेल का?" वाचणार असेल तर त्या दिवशी ती उघडून साफ करतील, आत औषध भरतील. वरून जरा टिकाऊ सिमेंट लावा असं सांग, साधं तात्पुरतं लवकर निघतं. गुढीपाडव्याला गावी आलात की पुढचं काम इथं संभाजीनगरला, घाटी या सरकारी दवाखान्याच्या आवारात आमच्या डेंटल कॉलेजमध्ये करू. वाचणारच नसेल तर काढू दे, मी हट्ट करणार नाही. मग कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून धरायचा, सारखं थुंकायचं नाही, त्या दिवशी गरम चहा नाही, मिश्री नाही. दुसऱ्या दिवशी लगेच मोळ्या उचलायच्या नाहीत.

तोपर्यंत मुकादमाकडच्या त्या दुखण्याच्या गोळ्या बंद कर. दिवसभर उन्हात घाम गाळायचा, पाणी कमी प्यायचं आणि उपाशीपोटी त्या घ्यायच्या, यात पोटाची आणि किडनीची वाट लागते. लवंगेने घटकाभर बरं वाटतं, कीड हटत नाही. मिश्रीने तर हिरड्याच सुटतात.

केसपेपरचा आणि एक्स-रेचा फोटो लगेच मला पाठवा. कोपीत कागद भिजतो, चुलीत जातो.

आण्णा, आता तुमचं. त्याच दिवशी तुम्हीही तोंड दाखवा. तंबाखूचा बार धरता तिथं गालाच्या आत पांढरा पट्टा आहे, दिवाळीला बॅटरी लावून मी पाहिलाय. तो बहुतेकदा साधा असतो, पण नजरेआड करायचा नसतो. दोन आठवड्यांत न भरणारी जखम झाली, किंवा उभी तीन बोटं तोंडात जाईनाशी झाली, तर मला त्याच दिवशी सांगा. रक्तातल्या साखरेची वही बरोबर न्या. साखर वाढलेली असली की दात काढलेली जागा लवकर भरत नाही.

मी आमच्या सरांना म्हटलंय, दंत शिबिरं घ्यायची तर पाडवा ते दसरा या काळात घ्या. तेव्हा टोळ्या गावात असतात, ज्याला चार खेपा लागतात त्याला चार खेपा देता येतात. आईच्या डावीकडच्या कवळीचं कामही तेव्हाच करू, त्यालाही बऱ्याच खेपा लागतात. सर तयार दिसतात. टोळीतल्या कुणाकुणाचे दात दुखतात त्यांची नावं आण्णा, तुम्ही वहीत लिहून ठेवा. लहान लेकरांचीही.

कराडला कोणत्या दिवशी जाताय ते उद्या कळवा. त्या सकाळी मी फोन जवळ ठेवीन. डॉक्टर काय म्हणतात ते कळलं नाही तर त्यांच्याशी माझं बोलणं करून द्या.

तुमची लेक