तक्रार पत्र: लांबीखाली (पुट्टीखाली) झाकलेला गंज

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या तपासणी अहवालातील खोट्या नोंदीबाबत

महोदय,

गेल्या महिन्यात मी आपल्याकडून २००१ सालची माझ्दा एमएक्स-५ घेतली. आपल्या अहवालात ‘बॉडीला कुठेही गंज नाही’ असे लिहिले आहे. ते खोटे आहे.

ही गाडी मी घाईत उचललेली नाही. दोन वर्षे पैसे साठवले आणि तेवढाच काळ गाड्या पारखल्या. पहिल्या पिढीची पोर्श बॉक्स्टर आवाक्यात होती, पण तिच्या इंजिनातले इंटरमीडिएट शाफ्टचे बेअरिंग तुटले तर अख्खे इंजिन हातचे जाते. माझ्दाच्याच आरएक्स-८ चे रोटरी इंजिन ऑईल पिते, आणि कॉम्प्रेशन (इंजिनातला दाब) उतरले की इंजिन खोलण्यावाचून गत्यंतर नाही. एमएक्स-५ चे इंजिन साधे, चार सिलिंडरचे. गाडी हलकी, त्यामुळे टायर आणि ब्रेकही बेताने झिजतात. टायमिंग बेल्ट लाखभर किलोमीटरला बदलावा, ऑईल वेळेवर टाकावे, एवढ्यावर ती वर्षानुवर्षे चालते. तिला खाणारी गोष्ट एकच, गंज. म्हणून तर मी आपल्या विक्रेत्याला तीनदा विचारले, “मागच्या चाकापुढचा, दाराखालचा पत्रा बघितलात ना?” तिन्ही वेळा उत्तर आले, “एकदम कडक आहे, साहेब.”

पहिल्याच पावसात सीटमागची मॅट भिजली. कापडी टपाचे पाणी तिथल्या नळीतून खाली जाते. मी वरून तांब्याभर पाणी ओतले. मागच्या चाकापुढे एक थेंब पडला नाही. नळीत कुजलेल्या पानांचा बोळा होता. ते पाणी दाराखालच्या पोकळ पत्र्यात मुरत होते. मग पत्र्याला लोहचुंबक लावला. पुढे घट्ट चिकटला, मागे वीतभर जागेत घसरून पडला. काळे कोटिंग खरवडले, तर खाली लांबी, म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायची पुट्टी. स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि दांड्यापर्यंत आत गेला.

पत्रा एका पावसात सडत नाही, आणि लांबी आपोआप भरत नाही. गाडी जुनी आहे, हे मला मान्यच आहे. गंज आहे असे सांगितले असते तर त्या हिशेबाने मी भाव केला असता किंवा दुसरी गाडी पाहिली असती. ती संधीच आपण मला दिली नाही.

माझी मागणी अशी: गाडी परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. ते शक्य नसेल तर दोन्ही बाजूंचा सडका पत्रा कापून नवा वेल्डिंगने बसवावा, तोही मी निवडलेल्या गॅरेजमध्ये आणि आपल्या खर्चाने. वरून पुन्हा लांबी आणि रंग चालणार नाही. विक्रीपूर्वी गाडीच्या खालून काढलेले फोटोही मला हवे आहेत. माझे फोटो आणि अहवालाची प्रत सोबत जोडली आहे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. तोवर गाडी आहे त्याच अवस्थेत उभी राहील.

आपला,
एक ग्राहक