चिलखत कशासाठी?

मा. संपादक,

आमच्या घरात तीन पिढ्यांपासून क्रूस आहे, म्हणूनच लिहितो. परवा कापूस वेचून आल्यावर नातीला संत पेद्रो दे आर्बुएस यांची गोष्ट एका पुस्तिकेतून वाचून दाखवत होतो. हे धर्मगुरू १४८४ मध्ये स्पेनमधल्या सारागोसात इन्क्विझिशनचे, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचे, न्यायाधिकारी झाले. पुढच्याच वर्षी, सप्टेंबरातल्या एका रात्री, कॅथेड्रलमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करताना त्यांच्यावर वार झाले. टोपीखाली शिरस्त्राण, अंगात चिलखत, तरी घाव मानेवर बसला. नात म्हणाली, "आबा, चर्चमंदी चिलखत कायले?"

पुस्तिकेत उत्तर नव्हतं. ज्यू धर्मातून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांवरचे खटले, खुनानंतर जाळलेली माणसं, यांच्याबद्दल एक ओळ नाही. १८६७ मध्ये पोप नववे पायस यांनी आर्बुएस यांना संत घोषित केलं, एवढंच ठळक. पोरीला मी बाकीचं सांगितलं. पुस्तिका छापणाऱ्यांनीही ते छापावं, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, ता. अचलपूर, जि. अमरावती